प्रश्नकर्त्याचे आसन : बेर्नार पिव्हो आणि दूरचित्रवाणीवरील ग्रंथचर्चा

मराठी साहित्यव्यवहारात ‘प्रकट मुलाखत’ हा प्रकार चांगलाच रुजलेला आहे. संमेलनाचा मांडव असो, व्याख्यानमालेचे व्यासपीठ असो, की गावातील ग्रंथालयाचे सभागृह असो. लेखकाला बोलते करणारी एक व्यक्ती त्याच्या शेजारी बसते आणि श्रोते त्या दोघांचे बोलणे ऐकतात. या संवादाचा विचार मात्र बहुधा लेखकाच्याच बाजूने होतो. लेखकाची उत्तरे नोंदली जातात, पुढे ती चरित्रात आणि समीक्षेत उद्धृत होतात. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव राहिलेच तर तळटीपेत राहते. प्रश्नकर्त्याचे काम नेमके कोणते, तो कोणाच्या वतीने बोलतो, आणि जेथे त्याने बोलावयास हवे होते तेथे तो गप्प राहिला तर त्या मौनाचा हिशेब कोणी मागावयाचा, हे प्रश्न सहसा उपस्थित होत नाहीत. फ्रान्समधील पत्रकार बेर्नार पिव्हो (१९३५–२०२४) यांच्या कारकिर्दीचा अभ्यास करू लागले की हे सर्व प्रश्न एकदमच पुढे उभे राहतात. कारण दूरचित्रवाणीवर ग्रंथांविषयी गप्पा मारणे हा एवढाच ज्यांचा व्यवसाय, आणि ज्यांच्या गप्पांनी एका देशाचा ग्रंथव्यवहार हलला, असे त्यांच्यासारखे उदाहरण क्वचितच आढळते.

पिव्हो यांचा जन्म ५ मे १९३५ रोजी लिओं शहरात झाला. आईवडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. दुसऱ्या महायुद्धात वडील जर्मनांच्या कैदेत असताना आईने मुलांना घेऊन बोजोले या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशातील एका खेड्यात आश्रय घेतला. घरात पुस्तके जवळजवळ नव्हतीच. लहानग्या बेर्नारच्या हाती होते ते एक शब्दकोश आणि ला फोंतेनच्या नीतिकथा. शब्दकोशातील अपरिचित शब्द वाचीत बसण्याचा छंद तेथेच लागला, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. ही गोष्ट केवळ चरित्रातील गोड आठवण म्हणून सोडून देता येत नाही. फ्रान्समधील साहित्यिक वर्तुळाचा कणा म्हणजे पॅरिसमधील नामांकित विद्यालये आणि तेथून बाहेर पडलेली विद्वान मंडळी. पिव्हो त्या वाटेने आले नाहीत. लिओंमध्ये काही काळ कायद्याचे शिक्षण, त्यानंतर पॅरिसमधील पत्रकारिता-शिक्षणकेंद्र, एवढीच त्यांची शिदोरी. ग्रंथांच्या घरात ते दिंडी दरवाजाने शिरले. त्यांच्या प्रश्नांचा सूर ज्याने त्याने या पार्श्वभूमीवर समजून घ्यावयास हवा.

१९५८ साली ते ‘ल फिगारो लितेरेर’ या साहित्यविषयक साप्ताहिकात रुजू झाले. नियुक्तीची कथा ते स्वतःच रंगवून सांगत : संपादकांनी साहित्यापेक्षा बोजोलेच्या मद्याविषयीच अधिक चौकशी केली, आणि घरच्या मळ्यातील मद्य मिळण्याच्या आशेने नोकरी दिली. कथेतील विनोद बाजूला ठेवला तरी त्यांना मिळालेले काम लक्षात घेण्यासारखे आहे. ग्रंथपरीक्षणे लिहिण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. कोणता लेखक काय लिहीत आहे, कोणते हस्तलिखित कोणत्या प्रकाशकाकडे गेले, पारितोषिकाच्या समितीत कोणाचे कोणाशी बिनसले, अशा वार्ता गोळा करणे हे त्यांचे काम होते. १९५९ मध्ये त्यांची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा फारसा गाजावाजा झाला नाही आणि पिव्हो यांनीही त्या वाटेचा आग्रह धरला नाही. आपण समीक्षक नव्हे, साहित्यक्षेत्रातील वार्ताहर आहोत, ही त्यांची भूमिका येथेच निश्चित झाली व ती त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. १९७४ मध्ये ‘ल फिगारो’ची सूत्रे कादंबरीकार झां दोर्मेसों यांच्याकडे आली, त्यांच्याशी मतभेद होऊन पिव्हो बाहेर पडले. गमतीचा भाग असा की हेच दोर्मेसों पुढे पिव्हो यांच्या कार्यक्रमातील सर्वांत नियमित पाहुण्यांपैकी एक ठरले.

दूरचित्रवाणीवर ते त्यापूर्वीच, १९७३ मध्ये, आले होते. त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाचे नाव ‘अवतरणचिन्हे उघडा’ अशा अर्थाचे होते. १९७४ च्या कायद्याने फ्रान्समधील एकसंध शासकीय प्रसारणसंस्था विसर्जित झाली, तिच्या वाहिन्या परस्परांपासून स्वतंत्र झाल्या, आणि दुसऱ्या वाहिनीचे, म्हणजे ‘आंतेन-२’चे, प्रमुख मार्सेल झ्युलियां यांनी पिव्हो यांना बोलावून घेतले. झ्युलियां स्वतः प्रकाशनव्यवसायातून आले होते. १० जानेवारी १९७५ रोजी, शुक्रवारी रात्री, ‘आपोस्त्रॉफ’ या कार्यक्रमाचा पहिला प्रयोग झाला. नाव पुन्हा एका लेखनचिन्हाचेच होते; परंतु फ्रेंच भाषेत हा शब्द एखाद्याला अवचित, थोडे दरडावून हाक मारणे याही अर्थी वापरतात. आपल्या अलंकारविचाराच्या परिभाषेत ज्याला संबोधन म्हणता येईल त्याच्या जवळचा हा अर्थ. मुद्रित अक्षर आणि बोलता आवाज या दोहोंना एकाच शब्दात बसविणारे हे नाव कार्यक्रमाला शोभणारे होते. २२ जून १९९० पर्यंत, साडेपंधरा वर्षांत, त्याचे ७२४ भाग सादर झाले.

कार्यक्रमाची रचना अगदी साधी होती. आठवड्यासाठी एक विषय निवडावयाचा, त्या विषयाशी दूरान्वयाने तरी संबंध असलेली नवी पुस्तके घ्यावयाची, त्यांच्या चारसहा लेखकांना ठेंगण्या मेजाभोवती बसवावयाचे आणि सव्वा तासाच्या आसपास बोलू द्यावयाचे. प्रक्षेपण थेट असे. चुकीचे वाक्य कापून टाकण्याची सोय नव्हती. प्रत्येक पाहुण्याला इतर पाहुण्यांची पुस्तके आधी पाठविली जात व ती वाचून येण्याची अपेक्षा असे. हा नियम वरवर पाहता किरकोळ, पण कार्यक्रमाचा सगळा जीव त्यातच होता. आपल्या पुस्तकावर बोलताना लेखक एक ठरीव भाषण करतो. दुसऱ्याच्या पुस्तकावर बोलू लागला की तो वाचक होतो, आणि वाचक म्हणून त्याची खरी कुवत तेथे उघडी पडते. पिव्हो यांच्या मेजावरील वादांपैकी कितीतरी वाद या नियमामुळेच पेटले.

पिव्हो स्वतः पुस्तके समग्र वाचीत. दिवसाचे दहाबारा तास वाचनात जातात, असे ते सांगत. लेखकांच्या व प्रकाशकांच्या मेजवान्या ते टाळीत. स्नेहसंबंधाने पाहुण्यांची निवड कलुषित होऊ नये हा त्यामागील हेतू. कार्यरत पत्रकाराने शासकीय सन्मान घेऊ नये या विचाराने ‘लेजियों दॉनर’ हा फ्रान्सचा मानाचा किताबही त्यांनी नाकारला. कार्यक्रमात नाकावर घसरलेला चष्मा, हातात खुणा घातलेले पुस्तक आणि चेहऱ्यावर कुतूहल, एवढीच त्यांची आयुधे असत. लेखकाचेच एखादे वाक्य मोठ्याने वाचून दाखवावयाचे आणि हे असे का लिहिले, एवढेच विचारावयाचे, ही त्यांची आवडती रीत. विद्वत्तेचे प्रदर्शन करणारा प्रश्न ते जवळजवळ विचारीत नसत. पुष्कळदा त्यांचा प्रश्न शेजारच्या दुकानदाराला सुचावा इतका साधा असे. या साधेपणाला भोळेपणा समजण्याची चूक अनेक पाहुण्यांनी केली.

मराठीत अशा व्यक्तीला ‘सूत्रसंचालक’ म्हणण्याचा प्रघात आहे. शब्द संस्कृत नाटकातील सूत्रधाराची आठवण करून देतो. परंतु सूत्रधार प्रस्तावना संपताच रंगमंचावरून निघून जातो. पिव्हो जात नाहीत. ते मेजाच्या टोकाशी बसून राहतात, पात्रांना भेट घडवितात, अडखळणाऱ्याला थांबून वेळ देतात, लांबण लावणाऱ्याला हसत तोडतात. कादंबरीकार पात्रिक मोदियानो यांची वाक्ये पडद्यावर नेहमीच अर्धवट राहत. त्यांना घाई न करता पुनःपुन्हा बोलावले गेले, आणि २०१४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा फ्रान्समधील सामान्य प्रेक्षकाला तो अडखळता स्वर ओळखीचा होता. वक्तृत्वाची परीक्षा घेणाऱ्या माध्यमात वक्तृत्व नसलेल्या लेखकाला जागा मिळाली, याचे श्रेय प्रश्नकर्त्याच्या धीरालाच द्यावे लागते.

ही रीत कोठवर जाऊ शकत होती याची साक्ष देणाऱ्या काही बैठका आहेत. ३० मे १९७५ रोजी व्लादिमीर नाबोकोव्ह आले. उत्स्फूर्त बोलण्याचा त्यांना मनस्वी तिटकारा. प्रश्न आधी मिळावेत ही त्यांची अट मान्य करण्यात आली. त्यांनी उत्तरे पत्त्यांवर लिहून आणली आणि मेजावर रचलेल्या स्वतःच्याच पुस्तकांच्या आडोशाने ती वाचून दाखविली. चहाच्या किटलीत मद्य भरलेले होते आणि पिव्हो मधूनमधून आणखी चहा घेणार काय असे गंभीरपणे विचारीत होते. थेट संवादाचा आभास आणि लिखित भाषेची शिस्त या दोहोंची ही युती होती. येथे पिव्हो यांनी आपली पद्धत लेखकावर लादली नाही, लेखकाची पद्धत स्वीकारली. म्हणूनच एक दुर्मीळ दस्तऐवज शिल्लक राहिला. १९७८ मध्ये अमेरिकी लेखक चार्ल्स बुकोव्स्की यांनी थेट प्रक्षेपणातच यथेच्छ मद्यपान करून मेज सोडले. त्याची चर्चा वृत्तपत्रांतून फार झाली. साहित्यविचाराला त्यातून काही मिळाले असे म्हणवत नाही.

२८ सप्टेंबर १९८४ ची बैठक मात्र निराळ्या तोलाची. त्या रात्री पाहुण्या एकच होत्या, मार्गरित द्यूरास. ‘लामां’ ही त्यांची लहानशी कादंबरी नुकतीच प्रसिद्ध झाली होती. फ्रेंच वसाहतीतील व्हिएतनाम, दरिद्री गोरे कुटुंब, आई, थोरला भाऊ, आणि चिनी प्रियकर हे तिचे विषय. द्यूरास यांच्या बोलण्यात वाक्यापेक्षा विरामच अधिक. दूरचित्रवाणीला शांततेची भीती वाटते, असे सामान्यतः मानले जाते. पिव्हो यांनी ते विराम भरून काढले नाहीत. आपल्या मद्यासक्तीविषयी द्यूरास ज्या सरळपणे बोलल्या तो सरळपणा त्या न भरलेल्या विरामांतून आला आहे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कादंबरीला गोंकूर पारितोषिक मिळाले. तोवर मोजक्या वाचकांची समजली जाणारी ही लेखिका लक्षावधींची झाली होती.

भारतीय अभ्यासकाला विशेष जवळची वाटावी अशी बैठक १९८६ च्या जुलैतील होय. महाभारताचा तौलनिक पुराणकथाशास्त्राच्या अंगाने ज्यांनी नव्याने विचार केला ते झॉर्झ द्युमेझिल त्या वेळी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. पिव्हो त्यांच्या घरी गेले. पुस्तकांच्या ढिगाऱ्यांतून कशीबशी वाट काढीत दोघे बसले आणि इंडो-युरोपीय समाजांतील त्रिविध कार्यविभागणीसारखा विषय शुक्रवारच्या रात्री घरोघरी पोहोचला. संस्कृताच्या पंडिताला असा श्रोतृवर्ग लाभावा ही घटना विरळाच. ऑक्टोबरात द्युमेझिल निवर्तले. यापूर्वी १९७९ मध्ये मार्गरित युर्सनार यांना भेटावयास पिव्हो अमेरिकेच्या किनाऱ्यावरील त्यांच्या बेटावर गेले होते. पुढील मार्च महिन्यात युर्सनार फ्रेंच अकादमीवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या.

येथवरचा वृत्तान्त गौरवाचा आहे, आणि तो खोटा नाही. परंतु जो मनुष्य कोणत्याही पुस्तकावर निर्णय देत नाही तो पाहुण्यांची निवड करतो, तेव्हा ती निवड हाच निर्णय होतो. शनिवारी सकाळी फ्रान्समधील पुस्तकविक्रेते आदल्या रात्रीच्या पुस्तकांचे वेगळे मेज मांडीत. प्रकाशक पुस्तकांच्या प्रकाशनाच्या तारखा कार्यक्रमाकडे नजर ठेवून ठरवू लागले. १९७५ मध्येच पिव्हो यांनी झां-लुई सर्व्हां-श्रेबेर यांच्यासमवेत ‘लीर’ हे ग्रंथविषयक मासिक काढले. त्यामुळे पडदा आणि छापील पान ही दोन्ही साधने एका हाती आली. ऑक्टोबर १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांचे सल्लागार रेजी द्ब्रे यांनी क्वेबेकमध्ये बोलताना, एका व्यक्तीची ग्रंथबाजारावर चाललेली हुकूमशाही असा या स्थितीचा उल्लेख केला. मोठे वादळ झाले आणि खुद्द मित्तराँ यांनी आपल्या सल्लागारापासून अंतर राखले. मित्तराँ स्वतः १९७५ मध्ये या मेजावर बसून गेले होते हे येथे ध्यानात ठेवावे.

द्ब्रे यांच्या शब्दांत राजकारणाचा अभिनिवेश होता. त्याहून खोल आक्षेप झिल देल्यूझ यांनी त्यापूर्वीच नोंदविला होता. २७ मे १९७७ रोजी ‘नवे तत्त्वज्ञ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेर्नार-आन्री लेव्ही, आंद्रे ग्ल्युक्समान प्रभृतींना पिव्हो यांनी बोलावले. काही दिवसांतच देल्यूझ यांनी एक पुस्तिका लिहिली. तिचा रोख असा की आता पुस्तक स्वतः महत्त्वाचे राहिलेले नाही. त्याच्यावर लिहिले जाणारे लेख, त्याच्यासाठी होणारे कार्यक्रम, त्याच्या लेखकाचा चेहरा यांनाच महत्त्व येत आहे, आणि विचाराच्या जागी विक्रीकला बसत आहे. या आक्षेपाला उत्तर देणे सोपे नाही. पिव्हो यांनी चांगल्या हेतूने वाचले, मनापासून विचारले, हे सर्व मान्य केले तरी पडद्यावर न दिसणाऱ्या पुस्तकाचे काय, हा प्रश्न उरतोच. कवितेला या कार्यक्रमात फारच थोडी जागा मिळाली, यावरून काय ते समजावे.

या सत्तेची कारणे मात्र एका व्यक्तीत शोधून चालणार नाहीत. फ्रान्समधील प्रकाशनव्यवसाय पॅरिसमध्ये, किंबहुना पॅरिसच्या काही गल्ल्यांत, केंद्रित झालेला. राष्ट्रभर भाषा एक. दूरचित्रवाणीच्या वाहिन्या मोजक्या. शुक्रवारी रात्री एका मेजाभोवती जे बोलले जाई ते एकाच वेळी सगळ्या देशाने ऐकणे शक्य होते. भारतात ही परिस्थिती कधीच नव्हती. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि मराठीतील साहित्यविषयक कार्यक्रमांना तेथे स्थान मिळाले. पण मराठी पुस्तकावरील चर्चेने तमिळ किंवा बंगाली पुस्तकविक्रेत्याने आपले मेज बदलावे, असे घडण्याचा संभवच नव्हता. बहुभाषिकतेने भारतीय लेखकाला मोठ्या श्रोतृवर्गापासून दूर ठेवले, असे गाऱ्हाणे नेहमी ऐकू येते. तिनेच त्याला एका मेजाच्या सत्तेपासून वाचविले, ही दुसरी बाजूही मांडावयास हरकत नाही.

प्रश्नकर्त्याने निर्णय देऊ नये, निर्णय मेजाभोवतीच्या इतरांनी द्यावा, ही पिव्हो यांची श्रद्धा एकदा विलक्षण रीतीने फळाला आली. २७ मे १९८३ रोजी इटालियन लेखिका मारिया-आन्तोनिएत्ता माच्चोक्की आपले आत्मचरित्र घेऊन आल्या होत्या. माओच्या चीनचा गौरव करणारे त्यांचे पुस्तक १९७१ मध्ये गाजले होते. समोर बसले होते बेल्जियन चीन-अभ्यासक सिमों लेस, ज्यांनी त्याच वर्षी सांस्कृतिक क्रांतीचे खरे स्वरूप उघड करणारे पुस्तक लिहिले होते आणि त्याबद्दल पॅरिसच्या विद्वज्जनांची अवहेलना सोसली होती. लेस मितभाषी, सभा टाळणारे. त्या रात्री त्यांनी आवाज न चढविता, मुद्द्यामागून मुद्दा मांडीत, माच्चोक्की यांच्या चीनविषयक लेखनात तथ्य नाही हे दाखवून दिले. पिव्हो मध्ये पडले नाहीत. कार्यक्रमात आल्यावर खप वाढण्याऐवजी घसरला असे उदाहरण म्हणून या पुस्तकाचा उल्लेख त्यांनी पुढे केला. एका तपाचा वैचारिक भ्रम एका बैठकीत उघडा पडला, आणि तो उघडा पडावा यासाठी प्रश्नकर्त्याला काहीच करावे लागले नाही. योग्य माणसे समोरासमोर बसविली, एवढेच त्याने केले. मेज स्वतःच आपली शुद्धी करून घेते, हा विश्वास अशा प्रसंगांनी दृढ झाला असल्यास नवल नाही.

१९९० मध्ये पिव्हो यांनी कार्यक्रम आपण होऊन थांबविला. इतिहासकार प्येर नोरा यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देत त्यांनी आपल्या कामाचा जो हिशेब मांडला तो त्याच वर्षी ‘वाचनाचा व्यवसाय’ अशा अर्थाच्या नावाने ग्रंथरूपाने आला. मुलाखतकाराची मुलाखत म्हणून तो अभ्यसनीय आहे. जानेवारी १९९१ पासून जून २००१ पर्यंत ‘बुयों द क्युल्त्यूर’ हा दुसरा कार्यक्रम चालला. त्यात ग्रंथांबरोबर चित्रपट, रंगभूमी, कला यांनाही जागा होती. कार्यक्रमाच्या शेवटी पाहुण्याला ठरावीक छोटे प्रश्न विचारले जात : आवडता शब्द कोणता, नावडता कोणता, आवडती शिवी कोणती, इत्यादी. ही प्रश्नावली अमेरिकेत जेम्स लिप्टन यांनी नटांच्या मुलाखतींसाठी उचलली व प्रत्येक वेळी पिव्हो यांचे ऋण मान्य केले. या प्रश्नावलीने पिव्हो यांचे नाव जगभर गेले, पण ती त्यांच्या कामाची फार पातळ आवृत्ती आहे.

त्याहून मोलाचे काम दोन. १९८५ पासून वीस वर्षे त्यांनी शुद्धलेखनाच्या श्रुतलेखन-स्पर्धा घेतल्या. पिव्हो उतारा वाचून दाखवीत आणि घरोघरी माणसे वही-पेन घेऊन पडद्यासमोर बसत. १९९२ ची अंतिम फेरी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात झाली. शाळेत ज्याची धास्ती वाटे तो श्रुतलेखनाचा तास प्रौढांचा उत्सव झाला. दुसरे काम २००२ पासूनच्या ‘दुब्ल झ’ या कार्यक्रमाचे. अन्य देशांत, अन्य भाषांत वाढून ज्यांनी फ्रेंच भाषा जवळ केली अशा व्यक्तींशी त्यात संवाद असे. मातृभाषा एक आणि लेखनभाषा दुसरी, ही अवस्था भारतीय लेखकाला नवी नाही. फ्रेंच दूरचित्रवाणीने तिच्याकडे कुतूहलाने पाहावे, यात शब्दकोश वाचणाऱ्या मुलाचाच वाटा दिसतो.

२००४ मध्ये गोंकूर अकादमीवर त्यांची निवड झाली. ज्याची ओळख ग्रंथकार अशी नव्हे, तर पत्रकार व वाचक अशी आहे, त्याला या मंडळात स्थान मिळण्याची ही पहिलीच वेळ. २०१४ मध्ये ते अध्यक्ष झाले. डिसेंबर २०१९ च्या आरंभी त्यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. वय चौऱ्याऐंशी होते, आणि निरोपाचे लेख आदराने भरलेले होते. त्याच महिन्याच्या अखेरीस २ मार्च १९९० च्या बैठकीची जुनी चित्रफीत पुन्हा लोकांसमोर आली.

त्या रात्रीच्या पाहुण्यांत गाब्रिएल मात्झनेफ होते. अल्पवयीन मुलामुलींशी असलेले आपले संबंध ते रोजनिशीच्या खंडांतून उघडपणे लिहीत आणि प्रतिष्ठित प्रकाशक ते छापीत. यापूर्वीही ते या मेजावर येऊन गेले होते. पिव्हो यांनी त्यांना थट्टेच्या सुरात बोलते केले. शाळकरी मुलींचीच निवड का, अशा धर्तीचा प्रश्न हसत विचारला गेला, आणि मेजाभोवतीही हसू पसरले. हसल्या नाहीत त्या क्वेबेकच्या लेखिका दनिझ बोंबार्दिये. साहित्य ही कोणत्याही कृत्याची सबब होऊ शकत नाही, आणि या मुलींचे पुढे काय होते याचा विचार कोणी केला आहे काय, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत विचारले. पॅरिसच्या साहित्यिक वर्तुळाने त्यानंतर निंदा केली ती मात्झनेफ यांची नव्हे, बोंबार्दिये यांची.

या बैठकीची आणि १९८३ च्या बैठकीची तुलना केल्यावाचून राहवत नाही. बाह्यतः रचना तीच आहे : एका पाहुण्याचे पुस्तक, दुसऱ्याने ते वाचून आणलेला आक्षेप, आणि मध्ये न पडणारा यजमान. लेस यांच्या आक्षेपाने पुस्तक पडले. बोंबार्दिये यांच्या आक्षेपाने काहीच पडले नाही. फरक आक्षेपाच्या बळात नव्हता. माओविषयीचा भ्रम १९८३ पर्यंत विरू लागला होता, मेज त्याला सोडावयास तयार होते. १९९० मध्ये तेच मेज आपल्यांतील एकाला सोडावयास तयार नव्हते. म्हणजे मेज स्वतःची शुद्धी करते, हे खरे नाही. मेज ज्या समाजातून आलेले असते त्याच्या परवानगीनेच ते शुद्धी करते. आणि या दुसऱ्या बैठकीत प्रश्नकर्ता तटस्थही नव्हता. आरंभीचा थट्टेचा सूर त्याचाच होता, आणि बैठकीला वळण लागते ते पहिल्या प्रश्नाच्या सुरानेच. साधा, शेजाऱ्याला सुचणारा प्रश्न विचारणे हे ज्याचे आयुष्यभराचे बळ, त्याला त्या रात्री सर्वांत साधा प्रश्न सुचला नाही. तो बोंबार्दिये यांना सुचला.

जानेवारी २०२० च्या आरंभी व्हानेसा स्प्रिंगोरा यांचे ‘ल कोंसांतमां’ हे पुस्तक आले. चौदा वर्षांची मुलगी म्हणून आपण मात्झनेफ यांच्या हाती कशा सापडलो, आणि नंतर त्यांच्या पुस्तकांतील पात्र होऊन कशा अडकून पडलो, हे त्यांनी त्यात लिहिले. दूरचित्रवाणीच्या मेजावर ज्यांचा उल्लेख ‘मुली’ असा अनेकवचनाने झाला होता त्यांपैकी एकीचा आवाज प्रथमच ग्रंथरूपाने ऐकू आला. पुस्तक बाहेर येण्यापूर्वीच पिव्हो यांना खुलासा विचारला गेला. त्यांचे पहिले उत्तर असे होते की त्या दशकांत साहित्य नीतीच्या पुढे होते आणि आता नीती साहित्याच्या पुढे आली आहे. यावर बरीच टीका झाली. काही दिवसांतच त्यांनी दुसरे निवेदन केले. सहकारी वृत्तपत्रे आणि नभोवाणीही ज्या स्वैरतेशी जुळवून घेत होती तिच्यापासून अलग राहण्यास जी दृष्टी आणि जे मनोबल लागते ते आपल्यापाशी नव्हते, असे त्यात त्यांनी कबूल केले. खेद व्यक्त केला, आणि योग्य शब्द आपल्याला सापडले नाहीत अशी जाणीवही बोलून दाखविली.

पहिल्या उत्तरात वार्ताहर बोलतो : काळ असा होता, त्याची ही नोंद. दुसऱ्यात प्रथमच तो माणूस बोलतो जो त्या काळात मेजाच्या टोकाशी बसला होता. शब्द सापडले नाहीत, ही कबुली शब्दकोशाच्या आणि श्रुतलेखनाच्या माणसाने द्यावी, हे त्यातले कटू. बोंबार्दिये जुलै २०२३ मध्ये निवर्तल्या. पिव्हो यांचे निधन ६ मे २०२४ रोजी, एकोणनव्वदाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, पॅरिसजवळ नयी येथे झाले. ‘आपोस्त्रॉफ’च्या ध्वनिचित्रफिती फ्रान्सच्या राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संग्रहात आहेत, नाबोकोव्ह यांची किटली, द्यूरास यांचे विराम आणि २ मार्चच्या रात्रीचे ते हसू, ही सर्व त्यांत जतन झालेली आहेत.